पाचशे डॉलरची काळी-पिवळी

'पाचशे डॉलरच्या गाडीने रेस करता येते म्हणे?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली सरळ एक्सेल शीट पाठवते. पेशाने मी अकाउंटंट, त्यामुळे टीममध्ये जमाखर्च माझ्याकडे येणार हे उघडच होतं. त्या शीटमध्ये 'गाडी' नावाची एक ओळ आहे आणि खर्चाच्या ओळींमध्ये ती तळाला लाजून बसलेली आहे. तिच्यावरच्या ओळी वाचल्या की निम्मे लोक परत विचारत नाहीत. उरलेल्यांसाठी हा लेख.

रेसचं नाव '२४ अवर्स ऑफ लेमन्स'. फ्रान्समध्ये ले माँची चोवीस तासांची शर्यत १९२३ पासून चालत आलीय, तिथे मोटार कंपन्या पैशांचा पाऊस पाडतात. तिची ही उघड टिंगल; 'लेमन' म्हणजे इथल्या बोलीत सतत बिघडणारी गाडी. जे लॅम नावाच्या मोटार-पत्रकाराने २००६ साली आमच्या बे एरियाच्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालच्या भागाच्या) पूर्वेला, आल्टामाँटच्या ट्रॅकवर पहिली लेमन्स भरवली. आता अमेरिकाभर वर्षभर होतात. चोवीस तास म्हणजे बहुतेक ठिकाणी नावालाच. आमच्यासारख्या रेसमध्ये शनिवारी साधारण आठ तास, रविवारी सहा, मधली रात्र झोपायला किंवा गाडीखाली पडून राहायला. एक गाडी, चार-पाच ड्रायव्हर आळीपाळीने, आणि शेवटी ज्यांच्या फेऱ्या जास्त ते पुढे.

गाडी पाचशे डॉलरच्या आतली हवी, हा मूळ नियम. पण त्यातून सुरक्षेचं सगळं सामान वगळलंय. रोल केज वगळा, सीट वगळा, पट्टे वगळा, ब्रेक वगळा, टायर-चाकं वगळा. 'वगळा' म्हणजे पाचशेच्या हिशोबातून. खिशातून कोण वगळणार?

गाडी शोधण्याचं काम भाऊजींचं. माझा धाकटा दीर, इथल्याच एका चिप कंपनीत नोकरीला, पण जीव सगळा ऑइल आणि ग्रीसमध्ये. त्याला कोणीतरी मोडकी बीएमडब्ल्यू देत होतं. मी म्हटलं, स्वस्त जर्मन गाडीसारखं महाग काही नाही. मग एका आजोबांच्या गॅरेजमधून १९९५ ची टोयोटा कोरोला आली. १.८ लिटरचं इंजिन, उन्हाने सोललेला रंग, अडीच लाखांच्या वर मैल. आणि गिअर ऑटोमॅटिक. भाऊजींचा चेहरा पडला, पण किंमत बसत होती.

त्या गाडीची एक गंमत मला फार आवडली. तिचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख-नंबर, '१एनएक्स'ने सुरू होतो. म्हणजे ती न्यूमीमध्ये बनलेली. जनरल मोटर्स आणि टोयोटाने १९८४ साली भागीदारीत फ्रीमाँटला चालू केलेला हा कारखाना २०१० मध्ये बंद झाला. आता त्याच जागेत टेस्ला बनतात आणि रोज सकाळी ८८० फ्रीवेवरून कामाला जाताना मी त्याच्या बाजूने रांगत असते. म्हणजे आमची कोरोला अस्सल फ्रीमाँटकर. आम्ही सगळे बाहेरून आलेले.

आतलं सामान काढून विकलं तर ते पैसे पाचशेतून वजा धरता येतात. हे कळल्यावर माझ्यातला अकाउंटंट जागा झाला. मागचं सीट, कार्पेट, टेप, दारांची पॅनलं, सगळं आम्ही ऑनलाइन विकायला काढलं. मागचं सीट एका पोराने नेलं, त्याच्या खोलीत सोफा म्हणून. गाडीचा निव्वळ खर्च इतका खाली आला की एक नवा रेडिएटर आणि होझेस बसवूनही आम्ही पाचशेच्या आत राहिलो.

आणि मग केज.

रोल केज म्हणजे गाडीच्या आत वेल्ड केलेला स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून. नळीचा व्यास, जाडी, कुठे वाकवायची, पायाखालची प्लेट केवढी, सगळं नियमात दिलंय, आणि रेसच्या आदल्या दिवशी तपासणारा माणूस प्रत्येक जोडाला बोट लावून बघतो. हे काम घरी करायचं नाही यावर मी अडून बसले. वेल्डरने जो आकडा सांगितला त्यात आमच्या कोरोलासारख्या चार-पाच कोरोला आल्या असत्या. त्यानंतर रेसिंग सीट, खांद्या-कमरेचे पट्टे, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून बंद करता येईल असा विजेचा मुख्य स्विच, अग्निशामक. मग माणसांचं सामान: हेल्मेट, मान सांभाळणारं हान्स, आगीला दाद न देणारा सूट, हातमोजे, बूट. पायमोजेसुद्धा तसलेच लागतात. मी एका जोडीचे पैसे देताना दुकानातल्या मुलीला दोनदा विचारलं, एका पायाचे की दोन?

सासूबाईंना फोनवर हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जुनी गाडी घेतली, ती मोडली, परत जोडली, आणि आता गोल गोल फिरवणार. बरंय, पोरं मोठी झाली की सुचतं असं काहीतरी."

लेमन्समध्ये गाडीला सोंगही लागतं. कोणी गाडीवर जहाज बांधतं, कोणी गाय करतं. आमच्यात यावर चर्चाच झाली नाही. काळी बॉडी, पिवळं छत, मुंबईची टॅक्सी. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला टॅक्सी म्हणजे दादर किंवा व्हीटीला सामान घेऊन उतरल्यावरच परवडणारी चैन, त्यामुळे तिचा मान वेगळा. प्रीमियर पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात झाली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. कोरोलाची पद्मिनी होत नाही, नाकच वेगळं आहे. पण डाव्या फेंडरवर नवऱ्याने पत्र्याच्या डब्याचा मीटर रिव्हेटने ठोकला, वर पाडायची पट्टी केली, आणि लांबून बघितलं तर खरंच वाटायला लागलं. गाडीचा नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत. वळणावर झेंडे घेऊन उभे असलेल्यांना वाचता आला पाहिजे ना.

ट्रॅक थंडरहिलचा. सॅक्रामेंटोच्या उत्तरेला, आय-फाइव्ह हायवेवर विलोज नावाचं छोटं गाव आहे, तिथून थोडं आत. फ्रीमाँटहून ट्रेलर ओढत तीन तासांच्या वर लागतात. मे महिन्यात दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली भाताची खाचरं दिसतात. कोकणातल्यासारखीच, फक्त एकेक खाचर आपल्या अख्ख्या गावाएवढं, आणि इथे भात विमानातून पेरतात. नागपूरची मैत्रीण (आमच्या टीमची सगळ्यांत वेगवान ड्रायव्हर, आणि ते ती विसरू देत नाही) म्हणाली, "एवढ्या उन्हात रेस ठेवलीय, नागपूरलाच ठेवायची न मग."

शुक्रवारी दोन तपासण्या. पहिली सुरक्षेची, ती गंभीर. दुसरी किमतीची, ती तमाशा. विग आणि काळे झगे घातलेले जज गाडीभोवती फिरतात, पाचशे डॉलरवर त्यांचा विश्वास बसला नाही तर फेऱ्या वजा करतात आणि ए, बी, सी असा वर्ग ठरवतात. आणि लाच चालते! नुसती चालत नाही, अपेक्षित असते. लाच घेतली की गाडीवर 'ब्राइब्ड' असा स्प्रेने शिक्का मारतात, म्हणजे पुढे कोणी शंका काढायला नको. मी पावत्यांची फाइल घेऊन गेले होते, विकलेल्या सीटच्या पावतीसकट. जजने फाइल हातात घेतली, दोन पानं उलटली आणि विचारलं की खायला काय आणलंय. भाकरवडीचे तीन पुडे दिले. पहिला घास घेऊन तो थांबला, बहुतेक गोड की तिखट ते ठरवत असावा, मग दुसऱ्या जजला हाक मारली. 'ऑटोमॅटिक' हे ऐकल्यावर दोघंही इतके हसले की वजावट शून्य आणि वर्ग सी. सी म्हणजे ज्यांच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नाही.

आता हिशोब. रेस ऐकून सगळे वेगाबद्दल विचारतात, म्हणून हा एकदाच मांडते.

थंडरहिलची फेरी साधारण तीन मैलांची, पंधरा वळणं. आमच्या गाडीला एका फेरीला पावणेतीन मिनिटं लागायची. दोन दिवसांचे चौदा तास अखंड पळालो असं धरलं तर तीनशेच्या आसपास फेऱ्या, म्हणजे नऊशे मैल, जवळजवळ मुंबई-दिल्ली. समजा आमच्यातल्या प्रत्येकाने जीव तोडून फेरीमागे एक सेकंद वाचवला. तीनशे सेकंद, पाच मिनिटं. दोन फेऱ्यासुद्धा नाहीत. उलट, चारही चाकं ट्रॅकबाहेर गेली, गाडी गरकन फिरली किंवा कोणाला घासली की काळा झेंडा. मग आत यायचं, जजसमोर उभं राहायचं, झापून घ्यायचं आणि शिक्षा भोगून परत जायचं. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, म्हणजे सहा-सात फेऱ्या. पेट्रोल भरायचं तर इंजिन बंद, ड्रायव्हर बाहेर, एकाने कॅनने ओतायचं, दुसऱ्याने अग्निशामक रोखून उभं राहायचं, दोघंही पूर्ण सूट-हेल्मेटमध्ये. तो वेळ कमी करायला जागाच नाही. फक्त पेट्रोल आणि ड्रायव्हर एकाच थांब्यात बदलला तर एक खेप वाचते.

हे सगळं मी शुक्रवारी रात्री तंबूत सांगितलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, म्हणजे हळू चालवा असंच म्हणताय ना?"

मी म्हटलं, "बाहेर जाऊ नका असं म्हणतेय."

माझी पाळी शनिवारी दुसरी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मला ट्रॅक दिसलाच नाही, फक्त आरसा दिसला. आमच्यापेक्षा वेगवान गाड्या म्हणजे जवळजवळ सगळ्याच, आणि त्या दोन्ही बाजूंनी येतात. संथ गाडीने एकच करायचं असतं: आपली रेघ सोडायची नाही. कोणाला जागा द्यायला म्हणून अचानक सरकलात की मागचा फसतो, कारण त्याने तुम्ही तिथेच राहाल असं धरून पुढचं ठरवलेलं असतं. ८८० वर रोज दोन्ही बाजूंनी कट मारून घेणाऱ्या बाईला हे शिकवावं लागलं नाही.

पाचवं वळण टेकडीवर आहे. चढताना समोर फक्त आकाश, आणि माथ्यावर पोचलं की रस्ता डावीकडे खाली कोसळलेला. नववंही तसंच आंधळं. तिथे डोळ्यांनी चालवता येत नाही, आधीच्या फेरीच्या आठवणीवर चालवायचं. आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नेमका वळणाच्या मध्यावर स्वतःच्या मताने गिअर बदलतो. मी शेवटी लिव्हर खालच्या गिअरला ओढून ठेवला आणि इंजिनाला ओरडू दिलं. सूटमध्ये घाम पाठीवरून ओघळून सीटमध्ये साचत होता. रेडिओवर नवरा काहीतरी बोलत होता, त्यातलं मला फक्त 'पाणी' कळलं. पाणी पी म्हणतोय की इंजिनाचं पाणी बघ म्हणतोय? दोन्ही केलं.

ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने आहे, त्यामुळे सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर येतो. दुपारी भाऊजींनी तो टायर काढून दाखवला. बाहेरच्या कडेची नक्षी साफ गेलेली, रबराचे गोळे चिकटलेले, आणि हात लावला तर चटका. डावा मागचा मात्र दुकानातून आणल्यासारखा कोरा.

नागपूरकर मैत्रीण तिसऱ्या वळणावर गेली बाहेर. तिथे रस्ता बाहेरच्या अंगाला कललेला आहे, वेग जरा जास्त झाला की गाडी हातात राहत नाही. काळा झेंडा, जज. त्यांनी आमचा मीटर बघितला, पट्टी पाडली आणि मातीतल्या सफरीचं भाडं किती झालं विचारलं. पावती दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. तिने माझ्या फाइलमधल्या कोऱ्या कागदावर पावती लिहिली, रात्रीचा जादा दर लावून. जज म्हणाला, दुपारचे दोन वाजलेत. ती म्हणाली, धुळीत काही दिसत नव्हतं.

शनिवारची रेस संपायला दोन-अडीच तास उरले असताना गाडी चालवणारी आमची फिलिपिनो सहकारी रेडिओवर बोलली, अगदी शांत आवाजात: इंजिन बंद पडलंय. धूर नाही, आवाज नाही, नुसतं बंद. गाडी दोरीला बांधून आणली. किल्ली फिरवली तर स्टार्टर एकदम हलका, सरसर फिरणारा, जसं आत दाबायला काही नाहीच. भाऊजींनी ऑइलचं झाकण उघडलं, मला टॉर्च धरायला लावला आणि नवऱ्याला परत स्टार्टर मारायला सांगितलं. आत कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या दांड्याचा, एक तुकडा दिसत होता, तेलाने चकाकणारा. तो हललाच नाही.

"टायमिंग बेल्ट गेला," भाऊजी म्हणाले.

बॉनेटखाली बेल्ट बदलल्याचा स्टिकर होता, मैलांचा आकडा बॉलपेनने लिहिलेला. तो आता कोणी वाचून दाखवायची गरज नव्हती. मला वाटलं, संपलं. हा बेल्ट पिस्टनांना जोडलेला क्रँक आणि वरचा कॅमशाफ्ट एका तालात फिरवतो; बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि आतलं सगळं वाकतं. पण ह्या ७ए-एफई इंजिनात दोघांमध्ये तेवढं अंतर ठेवलंय, बेल्ट तुटला तरी आदळत नाहीत. म्हणजे दुसरा बेल्ट मिळाला तर काम होण्यासारखं. शनिवारी संध्याकाळी, विलोजमध्ये, १९९५ च्या गाडीचा.

नवरा ट्रॅकच्या लाउडस्पीकरवाल्याकडे गेला. दहाएक मिनिटांत एक लांब दाढीवाला माणूस खोकं घेऊन आला. त्यांच्या टीमची गाडी जिओ प्रिझम. ही प्रिझम आणि कोरोला एकाच कारखान्यातल्या, फ्रीमाँटच्या न्यूमीतल्याच. शेवरलेच्या दुकानात विकायची म्हणून नाव वेगळं, इंजिन तेच. बेल्ट दिलाच, वर इम्पॅक्ट गन दिली आणि स्वतः गाडीखाली शिरला.

काम असं. उजवं चाक काढायचं, ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन तोलायचं, त्या बाजूचं माउंट सोडायचं. मग क्रँकच्या पुलीचा बोल्ट. हा बोल्ट हाताने हलत नाही, त्यासाठीच ती गन. कव्हरं निघाली तर आत जुन्या बेल्टच्या चिंध्या, दात झडलेले. नवा चढवताना खाली क्रँकची खूण शून्यावर आणायची आणि वर कॅमच्या पुलीतलं बारीक भोक मागच्या खाचेशी जुळवायचं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमची नजर बारीक आहे, बघा." मी एक डोळा मिटून बघितलं. एका दाताने चुकलं होतं. परत काढला, परत बसवला. हाताने क्रँक पूर्ण दोन वेळा फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघितलं. जुळल्या. किल्ली मारली आणि पहिल्याच झटक्याला चालू झाली, जणू मधल्या काळात ती फक्त चहाला गेली होती.

तोवर शनिवारचा चेकर्ड झेंडा पडून गेला होता. माझ्या शीटमध्ये या बेल्टपायी पन्नासच्या आसपास फेऱ्या बुडीत खाती आहेत. दाढीवाला पैसे घेईना. भाकरवडीचा शेवटचा पुडा मात्र घेतला.

रविवारबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि त्याचाच मला आनंद आहे. गाडी सकाळी निघाली ती पेट्रोल आणि ड्रायव्हर सोडून कशासाठी थांबली नाही. नागपूरकर मैत्रीण आत राहिली. दुपारी नंबरांच्या पडद्यावर आम्ही एकेक जागा वर सरकत होतो, वेग न वाढवता. आमच्यापेक्षा कितीतरी वेगवान गाड्या पिटमध्ये बॉनेट उघडून उभ्या होत्या. शेवटी यादीच्या खालच्या अर्ध्यात आलो, पण तळापासून बरेच वर. प्रिझमवाले आमच्या पुढे, ते योग्यच.

इथलं सगळ्यांत मोठं बक्षीस सर्वात जास्त फेऱ्यांना नसतं. जी गाडी चालायलाच नको होती ती अनपेक्षितपणे चांगली पळाली, तर तिला 'इंडेक्स ऑफ एफ्लुअन्सी' मिळतं. भाऊजींचा त्यावर डोळा होता. पण कोरोला पळाली याचं नवल कोणाला वाटणार? जजनेच हे तोंडावर सांगितलं. आता भाऊजी जुनी इटालियन गाडी शोधतायत, जी बक्षिसाला लायक इतकी वाईट असेल. मी शीट उघडून दाखवली: केज या गाडीत वेल्ड केलाय, तो उचलून दुसऱ्या गाडीत घालता येत नाही, सगळ्यांत मोठी ओळ परत भरावी लागेल. त्यावर घरात अजून वाद चालू आहे. तोपर्यंत कोरोला ड्राइव्हवेत उभी आहे, उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घरघरतंय, आणि रस्त्यापलीकडचे एक काका दर रविवारी येऊन विचारतात, एअरपोर्टचं किती घेणार?